सावली काळी नसते!

बालमित्रांनो, आज आधी माझी एक चूक सांगते, मग रंगांचं बघू.

आमचं तोरणमाळ सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरांहून उंच. पाऊस सरला की आकाश कसं लख्ख होतं! अशाच एका सकाळी चौथीच्या मुलांना घेऊन मी शाळेच्या परसबागेत बसले. समोर झेंडू, पपईची दोन झाडं, पलीकडे डोंगर. हातात मऊ पेस्टल खडू.

हे खडू तेलखडूंसारखे नसतात हं! रंगाची पूड आणि ती धरून ठेवायला किंचित गोंद, की झाला खडू. म्हणून गुळगुळीत कागदावर तो टिकत नाही. आम्ही वह्यांच्या कव्हराचा खाकी कागद घेतला, त्याची खरखरीत बाजू वर. पांढऱ्या कागदावर पिवळं ऊन दिसतच नाही. खाकीवर कसं झळकतं! आधी गडद रंग, मग उजळ. पानांना नुसता हिरवा फासू नका. निळ्यावर पिवळ्या रेघा ओढा, लांबून हिरवंच दिसेल. बोटाने आकाश तेवढं पुसा. सगळं पुसलंत तर चित्र मळकट होतं. आणि पूड फुंकायची नाही, नाकात जाते! कागद उभा धरून मागून टिचकी मारा.

तर एका मुलीने पपईची सावली चक्क जांभळी केली. "अगं, सावली कधी जांभळी असते का?" म्हणत मी तिच्या चित्रावर काळा खडू फिरवलासुद्धा. ती काही बोलली नाही. नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं.

मी पाहिलं. खरंच की! सावलीत थेट ऊन येत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड येतोच. पिवळ्या उन्हाशेजारी ती निळसर-जांभळीच दिसत होती. इतकी वर्षं शिकवतेय, पण नीट पाहिलंच नव्हतं.

मी तिची माफी मागितली. कोरड्या ब्रशने काळी पूड झटकली, वर तिने पुन्हा जांभळा दिला. तरी दोन-चार डाग राहिलेच. ते काढायला मी परत ब्रश उचलला, तर म्हणते कशी, "राहू द्या बाई, ते मुंगळे आहेत!"