सुभद्रा पाहिली कोणी?

‘सौभद्रा’चा प्रयोग कुठेही असो, मध्यंतरात चहाच्या रांगेत एक वाद हमखास रंगतो. आज जी मुलगी सुभद्रा करते आहे तिच्या कौतुकाचे चार शब्द होतात. मग कुणीतरी कीर्ती शिलेदारांचे नाव काढतो, दुसरा जयमालाबाईंचे, आणि तिसरा, बहुधा वयाने ज्येष्ठ, या सगळ्यांना एका हाताने बाजूला सारून ‘बालगंधर्व!’ एवढेच म्हणतो. त्याच्याही वर जायचे तर भाऊराव कोल्हटकरांचेच नाव घ्यावे लागते, आणि ते घेतले की सगळे हात जोडतात. अशा रांगांत आम्हीही वर्षानुवर्षे उभे राहिलो आहोत आणि, खोटे कशाला बोला, माना डोलावल्या आहेत. आता त्या डोलावलेल्या मानांचीच लाज वाटू लागली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न साधा आहे. पाहिली कोणी? भाऊराव १९०१ साली गेले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन परदेशी मंडळी कलकत्त्यात उतरली ती १९०२च्या अखेरीस. म्हणजे ज्या आवाजाने मराठी प्रेक्षकाला १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त वेड लावले असे आपण शिकतो आणि शिकवतो, त्या आवाजाचा एकही सूर आज कोणाच्या कानावर पडू शकत नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, आणि त्या ऐकून आम्हीही भारावलो आहोत. पण तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, आणि रंगमंचावर तेच पद वन्समोअरच्या आग्रहाने कुठल्या कुठे जाई. तबकडीत गायक सापडतो. शेजारच्या पात्राकडे पाहणारी, पुढचे वाक्य बोलताना थबकणारी सुभद्रा तिच्यात सापडत नाही. जी भूमिका आपण पाहिली नाही तिच्या मापाने, जी डोळ्यांदेखत चालली आहे ती भूमिका मोजायची, या व्यवहाराला आपण रसिकता म्हणतो. न्यायालयात याला ऐकीव पुरावा म्हणतात आणि तो सहसा ग्राह्य धरत नाहीत.

आमची खरी तक्रार मात्र पुराव्याची नाही, मापाची आहे. स्त्रीची भूमिका पुरुषाने करण्यामागे त्या काळची सक्ती होती. घरंदाज बाईने रंगमंचावर येणे समाजाला मानवत नव्हते. हे आपण सारे जाणतो. त्या सक्तीतून बालगंधर्वांनी काय घडवले ते थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पांढरपेशा घरांतील स्त्रिया त्यांचे शालू नेसणे आणि गजरा माळणे पाहून नेसू-माळू लागल्या, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण तिचा अर्थ नीट लावत नाही. एका पुरुषाने कल्पिलेली स्त्री खऱ्या स्त्रियांसाठी नमुना ठरली. आणि पुढे त्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या तेव्हा याच नमुन्यासमोर त्यांची परीक्षा घेतली गेली. लाजणे किती, मान किती वळवायची, पदर कसा सावरायचा, हे सारे आधीच ठरून गेले होते.

या परीक्षेत कोणाचे काय झाले ते पाहावे. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची नाटक कंपनी काढली, स्त्री-पुरुषांना एका मंचावर उभे केले आणि स्वतः सुभद्रा केली. कंपनी फार वर्षे चालली नाही. आमच्या अभ्यासक्रमांत हिराबाई येतात त्या किराणा घराण्याच्या गायिका म्हणून. नाटकवाल्या हिराबाईंना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. त्यांच्याही आधी केवळ स्त्रियांच्या संगीत मंडळ्या होत्या, जिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करीत. पुरुषाने केलेल्या सुभद्रेवर ग्रंथ आहेत. बाईने केलेल्या अर्जुनावर एक बरा लेख दाखवावा, आम्ही मुकाट्याने वाचू.

आणि गोहरबाई कर्नाटकी. १९३८च्या सुमारास त्या गंधर्व कंपनीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. ज्या रंगमंचावर बालगंधर्वच नायिका असत, तिथे एक स्त्री नायिका म्हणून उभी राहिली. आमच्या मते रंगभूमीच्या इतिहासातील हा फार मोठा क्षण आहे. रसिकांनी तो कसा लक्षात ठेवला? ‘तिच्यामुळे कंपनी बुडाली’ असा. वास्तविक कंपनीच्या डोक्यावर लाखाच्या घरातले कर्ज १९२०च्या दशकातच चढलेले होते, आणि ते कशापायी चढले हे उंची शालू आणि अत्तरांचे किस्से रंगवून सांगणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तो खर्च वैभव ठरला आणि बाई मात्र अवदसा. गोहरबाई गात कशा होत्या, बोलत कशा होत्या, याची चर्चा आम्ही एकाही रांगेत ऐकलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. जयमालाबाईंनी आणि कीर्तीताईंनी गंधर्व गायकीच जपली, अभिमानाने जपली. त्यांनीच माप मान्य केले तर तुम्ही का रडता? उत्तर देणे आम्हाला सोपे जात नाही. वारसा निवडण्याचा हक्क कलावंताचा आहे. पण जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली, आणि संगीत नाटक संपले असे सारे म्हणत असताना पुढची कित्येक दशके गावोगाव प्रयोग केले. ज्या बाईने इतके केले तिच्याबद्दल ‘गंधर्वांचा भास होतो’ हीच जर सर्वोच्च स्तुती असेल, तर स्तुती करणाऱ्याची शब्दसंपत्ती तपासायला हवी.

किर्लोस्करांची संहिता तरी काय सांगते? बलरामाला सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावायचे आहे. कृष्ण आतून सूत्रे हलवतो. ज्या यतीची सेवा तिच्या गळ्यात पडते तो अर्जुनच आहे, हे तिला सोडून साऱ्या प्रेक्षागृहाला ठाऊक असते. घटोत्कच तिला उचलून नेतो तोही तिला न विचारता. नाटकभर तिच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतात आणि हसतात. ती नुसती लाजरी नाही, संतापलेली आहे. आणि तो संताप गोड करून गायचा की कडू ठेवायचा, हा प्रत्येक सुभद्रेपुढचा प्रश्न आहे. शंभराहून अधिक पदांच्या या नाटकातली आज मोजकीच पदे गायली जातात. कोणती गाळली, त्याने सुभद्रा किती बदलली, हेही विचारता येते. विद्यापीठांत ‘सौभद्र’ शिकवणारे आम्ही लोक मात्र परीक्षेत ‘बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे वैशिष्ट्य लिहा’ असेच विचारत आलो. विद्यार्थी शालू आणि गजरा लिहितात आणि उत्तीर्ण होतात.

अलीकडच्या एका प्रयोगात सुभद्रा करणाऱ्या मुलीला वन्समोअर मिळाला. टाळ्या थांबेनात. तिने किंचित मान हलवून तो नाकारला आणि बलरामावरचा राग तसाच धरून पुढचे वाक्य बोलली. पेटीवाल्याचा हात भात्यावरच राहिला. मध्यंतरात रांगेत आम्ही कान देऊन उभे होतो. वाद बालगंधर्वांच्या शालूवर चालला होता.