परलोकवादाचा आळ

मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी आपल्या विभागांमधून काही ठरीव वाक्ये एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आली आहेत. त्यांतले एक असे : या साहित्याची दृष्टी पारलौकिक आहे, स्वर्गाच्या आशेपुढे त्याला ऐहिक जीवनाचे मोल वाटत नाही, आणि म्हणूनच ते जीवनसन्मुख मराठी परंपरेच्या काठावर राहिले. विद्यार्थी हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहितात, त्याला गुण मिळतात, पुढे त्यांच्यातलेच काही प्राध्यापक होतात. वाक्य मात्र कोणी तपासत नाही. ते अपुरे आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ते चुकीचे आहे.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘स्वर्ग’ म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो पुण्याच्या जमाखर्चावर मिळणारा भोगलोक. गीतेच्या नवव्या अध्यायाने सांगूनच ठेवले आहे की पुण्य सरले की तिथून मर्त्यलोकी परतावे लागते. संतांनी हा स्वर्ग तुच्छ लेखला, ते योग्यच केले. ख्रिस्ती ग्रंथकारांची अडचण अशी की त्यांना शब्द याच भांडारातून उचलावे लागले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ वापरला, पुढे बायबलच्या भाषांतरांत ‘स्वर्ग’ रूढ झाला. शब्दाबरोबर त्याचे सगळे जुने बिऱ्हाडही आले, आणि समीक्षकाने मूळ ग्रंथ न उघडता त्या बिऱ्हाडावरूनच घरमालकाची परीक्षा केली.

मूळ ग्रंथ उघडला तर काय दिसते? प्रकटीकरणाच्या अखेरीस माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते. प्रभूच्या प्रार्थनेतली मागणीही त्याच दिशेची आहे : स्वर्गात जे होते ते पृथ्वीवर व्हावे. आणि तिच्या लगेच पुढची मागणी आजच्या भाकरीची. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय तर पुनरुत्थानाच्या आशेचा गाभाच. त्याची ५८ वचने आहेत. इतका उंच गेलेला पौल शेवटच्या वचनात ‘म्हणून’ असा शब्द टाकतो आणि सांगतो की तुमचे श्रम वाया जाणारे नाहीत, तेव्हा कामात टिकून राहा. पुढचा अध्याय सुरू होतो तो यरुशलेममधल्या बांधवांसाठी गोळा करावयाच्या वर्गणीच्या व्यवस्थेने. मृत्यूच्या पराभवानंतर थेट वर्गणी! ज्यांना हा उतार विजोड वाटतो त्यांना ख्रिस्ती आशेची रचनाच कळलेली नाही. मृत्यू शेवटचा नसेल, तर देहाने केलेले काम, देहाला दिलेले अन्न, देहाची शुश्रूषा यांना कायमचे मोल येते. देह हे टाकून द्यायचे वस्त्र असेल तर मात्र त्याची एवढी निगा राखायचे कारण उरत नाही. परलोकवादी कोण, हा प्रश्न येथे उलटा विचारता येईल. पण ते असो.

आपल्याकडचा पुरावा पाहा. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख आपण करतो ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजींनी विधवांच्या हालअपेष्टांवर लिहिली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापले गेले. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. तिची पुन्हा भेट होईल यावर या आईचा पूर्ण विश्वास होता. त्या विश्वासाने त्या काय करीत बसल्या? मुद्रिते तपासत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते; ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. या बाईला ‘ऐहिक जीवनाचे मोल वाटत नव्हते’ असे ज्याला लिहायचे असेल त्याने अवश्य लिहावे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर आपण नित्य शिकवतो, पण अर्धे. ‘स्मृतिचित्रे’त सोवळे हळूहळू सुटत जाते त्याकडे आपण स्वभावविनोद म्हणून पाहतो. त्यामागचे चित्र कोणते हे विचारत नाही. शुभवर्तमानांत देवाच्या राज्याचे वर्णन जेवणावळीचे आहे. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून लोक येतील आणि एका पंगतीला बसतील. अखेरीस बसायचे ते एकाच पंगतीत, असे ज्याने मानले त्याला आज कोणाच्या हातचे पाणी नाकारणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. लक्ष्मीबाईंचे नेमके हेच झाले. प्लेगच्या छावणीत त्या शुश्रूषेला राहिल्या तेही याच वळणाने. मरणाची भीती त्यांना नव्हती असे नाही. मरण हा शेवटचा शब्द नाही एवढे त्यांना पटले होते, आणि दुसऱ्याच्या खाटेशी बसायला तेवढे पुरते.

आता एक गंमत. वारकरी संत आपले काम करता करता देव पाहतात, मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागतात, याला आपण ‘इहवादी अध्यात्म’ म्हणून गौरवतो. मळा, चाक, सुई, कात्री यांवर आपल्याकडे शोधनिबंधांचा तोटा नाही. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या ना. वा. टिळकांच्या वाट्याला मात्र हा उदारपणा येत नाही. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारा हा माणूस पारलौकिक, आणि तीच निष्ठा अभंगात आली की ती जीवननिष्ठा. मोजमाप दोन ठेवले की निष्कर्ष हवे तसे काढता येतात.

‘अफू’चा आक्षेप मी टाळत नाही. स्वर्गाचे आश्वासन देऊन इथला अन्याय गिळायला लावला गेला आहे, गुलामांना आणि मजुरांनाही. चर्चने तो दोष जातीच्या बाबतीत डोळ्यांदेखत केला. तमिळनाडूत काही ख्रिस्ती दफनभूमींमध्ये दलित आणि इतर यांच्यामध्ये भिंती घातल्या गेल्या. एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणारे मृत, आणि मध्ये भिंत! पण ही भिंत स्वर्गाच्या आशेने बांधलेली नाही. ती आशा मनापासून मानली असती तर पहिली वीटच रचली गेली नसती. आक्षेपकांनी आशेला दोषी धरले, चर्चने तिला भाषणापुरते ठेवले. दोघांनाही ती गैरसोयीची होती.

वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले ते जमीन, पाणी आणि झाडे यांसाठी. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा तोच, आणि बागायती बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर आलेला तोच. २०२० साली ते उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या पाद्री असण्यावर आक्षेप घेतले गेले. त्या गदारोळात त्यांच्या आशेचा आणि त्या विहिरींचा काही संबंध आहे का, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. २०२४ साली ते गेले, तेव्हाच्या श्रद्धांजलीपर लेखांतही ‘धर्मगुरू असूनही पर्यावरणवादी’ हाच सूर होता. त्या ‘असूनही’मध्ये आपली सगळी समीक्षा मावते.

निवडक उताऱ्यांच्या पुस्तकांत ‘स्मृतिचित्रे’तले हसू आणणारे प्रसंग असतात, प्लेगची छावणी बहुधा नसते. पानांची मर्यादा ही संपादकांची नेहमीची सबब. तर प्रस्तावनेतला पारलौकिकतेवरचा परिच्छेद काढावा. छावणीची दोन पाने त्यात सहज बसतील.