महाग तेच उत्तम काय?

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्पलेखन, स्पर्धा परीक्षेचा सराव, साऱ्यांची वाट त्याच्याच दारातून जाते. म्हणून सिल्लोड तालुक्यातील शेतकरी बाप मक्याचे, मिरचीचे चार पैसे बाजूला ठेवतो आणि मुलाला घेऊन सुमारे ६५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. दुकानात त्याच्यापुढे दोन रॅम ठेवल्या जातात. एक साधी, उघडी पट्टी; दुसरी धातूच्या कवचातली, रंगीत दिव्यांनी लखलखणारी आणि अर्थातच महाग. बाप मुलाच्या तोंडाकडे पाहतो. मुलाने काय सांगावे?

रॅम म्हणजे संगणकाची हाताशी असलेली स्मृती. चालू काम तेथे मांडलेले असते. जगातील बहुतेक रॅमच्या चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. पट्टीवर नाव कोणाचेही असो, पीठ बहुधा याच गिरण्यांचे! महागड्या पट्टीत निवडक चिप्स असतात, हे खरे. पण लाभ किती? डीडीआर४ जातीच्या ३२०० वेगाच्या पट्ट्या घ्या. मागितलेली माहिती द्यायला सुरुवात करण्यास सीएल २२ दर्जाच्या साध्या पट्टीला १३.७५ नॅनोसेकंद लागतात, तर सीएल १६ दर्जाच्या महागडीला १०. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग! निबंध टंकणाऱ्याला हा फरक जाणवावा तरी कसा? शिवाय मदरबोर्डची साथ नसेल तर महागडी पट्टीही साध्याच वेगाने चालते.

याउलट रॅम अपुरी पडली, तर संगणक ती उणीव हार्ड डिस्कवरून भागवतो. तेथे वेळ मिलिसेकंदांत मोजावा लागतो, म्हणजे लाखो पटींनी अधिक. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून महागड्या ८ जीबीपेक्षा साधी १६ जीबी केव्हाही सरस.

मग जादा पैसा कधीच मोजू नये काय? तसे नव्हे. २००३ साली ब्रुसेल्समधील स्कारबेक येथील निवडणुकीत संगणकाने एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मते अधिक दाखवली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. स्मृतीतील एकच बिट आपोआप उलटला असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम मिळते; तिच्यात ६४ बिटांच्या राखणीला ८ बिट जादा असतात. बँक, रुग्णालय, मतमोजणी येथे हा जादा पैसा सार्थकी लागतो, कारण तो अचूकपणासाठी दिलेला असतो, झगमगाटासाठी नव्हे.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीची मागणी वाढवली आणि साध्या रॅमचेही भाव कडाडले. अशा वेळी तर विवेक अधिकच हवा.

विद्यार्थी मित्रांनो, दुकानात तीनच प्रश्न विचारा : माझ्या कामाला पुरेल का? माझ्या मदरबोर्डला चालेल का? पक्के बिल आणि हमी मिळेल का? उरलेल्या पैशांत चार पुस्तके घ्या. संगणकाच्या स्मृतीइतकीच आपल्या स्मृतीचीही भर पडू द्या!