ओठावरचा 'जर' आणि मे महिन्याचे ऊन

मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आमच्या वसई-विरारकडे एक गंमत पाहायला मिळते. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस दाखवण्यासाठी मी एकदा उन्हाळी वर्गातील मुलामुलींना घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो होतो. प्रयोग छान झाला. तीन दिवसांनी मात्र माझा खालचा ओठ चुणचुणू लागला आणि दुसऱ्या दिवशी तेथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला. बरोबर आलेल्या एका विद्यार्थिनीचीही तीच गत झाली.

मग निदाने सुरू झाली. आई म्हणाली, "उष्णता झाली. आंबे कमी कर, सब्जा घे." प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, झोपेत कोळी मुतला." त्या मुलीच्या मैत्रिणींनी मोबाइलवर 'हर्पीस' हा शब्द शोधून काढला, अर्धामुर्धा वाचला आणि तिच्याशेजारी बसणेच सोडले. आठ दिवस ती तोंडावर रुमाल धरून मागच्या बाकावर एकटी बसत होती. फोडांपेक्षा मला हे अधिक लागले, आणि म्हणूनच हा लेख. मी वैद्यक शिकलेलो नाही. पण कारण आणि परिणाम यांची जोडी तपासून घेणे हे तर आमच्या विषयाचे रोजचेच काम.

आपल्याकडे या फोडांना 'जर उठणे' म्हणतात. 'जर' म्हणजे ज्वर, ताप. ताप येऊन गेला की ओठावर फोड उठतात, हे आपल्या आजी-पणजींनी अचूक टिपले होते. निरीक्षण खरे होते. चुकले ते स्पष्टीकरण. अंगातली उष्णता ओठावाटे बाहेर पडते असे त्यांना वाटले. खरा कर्ता आहे एक विषाणू. त्याचे नाव हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार पहिला. आकार सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग.

हा विषाणू बहुधा बालपणीच, घरातल्या कोणाच्या तरी लाळेतून किंवा पाप्यातून शरीरात शिरतो. पुष्कळांना त्या वेळी काहीच जाणवत नाही. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूतून वर चढतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यात जाऊन निजतो. तेथून तो जन्मभर हलत नाही. ताप, कडक ऊन, जागरण, परीक्षेचा ताण अशा निमित्ताने तो जागा होतो, त्याच तंतूवरून खाली उतरतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी पुन्हा फोड आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील शेकडा ६४ लोकांच्या, म्हणजे सुमारे ३८० कोटी माणसांच्या शरीरात तो आहे. तेव्हा त्या मुलीपासून दूर सरकलेल्या मैत्रिणींपैकी कित्येकींच्या शरीरात तो निजलेला असणारच! याच कुळातला दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. 'हर्पीस' हे नाव ऐकताच लोक दचकतात ते त्यामुळे. परंतु ओठावरच्या फोडांवरून कोणाच्या वागणुकीबद्दल तर्क करणे हे अज्ञानाचे लक्षण आहे.

आता आंब्याकडे वळू. मे महिन्यात आंबेही असतात आणि कडक ऊनही असते. दोन गोष्टी एकत्र आल्या की दोष कोणाला द्यायचा? (चिकामुळे तोंडाभोवती पुरळ येते, ती गोष्ट निराळी.) उत्तर प्रयोगाने मिळते. अमेरिकेत ३८ जणांवर केलेला असा एक प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना पूर्वी ओठावर फोड येऊन गेले होते. त्यांच्या ओठांवर ठरावीक मात्रेत अतिनील किरण सोडले. एकदा नुसता बिनऔषधी लेप लावून, आणि एकदा अतिनील किरण अडवणारा लेप लावून. नुसत्या लेपाच्या वेळी २७ जणांना फोड आले. किरण अडवणाऱ्या लेपाच्या वेळी एकालाही आले नाहीत. येथे आंबा नव्हता, तापही नव्हता. बदलला तो फक्त किरण अडवणारा घटक. प्रत्यक्ष उन्हात केलेल्या चाचण्यांत मात्र लेपाचा एवढा स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ओठावरचा लेप खाता-पिता पुसला जातो. म्हणून तो पुन्हा पुन्हा लावावा आणि त्याच्या जोडीला टोपी व सावली असावी. समुद्राची कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी शेकडा १५ च्या आसपास परत फेकते, हे किनाऱ्यावर खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या दिवशी मी सर्वांना काठ्या आणायला सांगितल्या, टोप्या आणायला सांगितल्या नाहीत. ती चूक माझी.

उपचारांचे काय? फोड बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरे होतात. असायक्लोव्हिर हे औषध या विषाणूवर चालते. त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. विषाणूचेच एक विकर त्या औषधाला कार्यक्षम करते आणि ते औषध विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडते. निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते घडले त्या गर्ट्रूड एलियन यांना औषधनिर्मितीतील कामगिरीबद्दल १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र मलम चुणचुण सुरू होताच लावले तरच उपयोगी पडते, आणि तेही दुखणे अर्ध्या-एका दिवसाने कमी करण्यापुरते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. प्रतिजैविके जिवाणूंवरची, येथे ती निरुपयोगी. चुना, टूथपेस्ट यांनी कातडी भाजते. आणि स्टिरॉइड असलेली मलमे विषाणूला मोकळे रान देतात.

फोड ओले असतील तोवर आपला पेला, टॉवेल, ओठांचे मलम वेगळे ठेवावे. फोडाला हात लागल्यास साबणाने धुवावा. तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळावर व्रण पडू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, बारशाला गेल्यावर बाळाचा पापा घेऊ नये. नवजात बालकाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, फोड दहा दिवसांत बरे झाले नाहीत किंवा वारंवार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. वर्गात कोणाच्या ओठावर 'जर' दिसला, तर त्याच दिवशी पाच मिनिटे यावर बोला. पण त्या मुलाकडे बोट न दाखवता. पेला वेगळा ठेवायला हरकत नाही. बाक वेगळा ठेवायचे कारण नाही. आमच्या वर्गात मी माझाच ओठ दाखवून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा तिच्या नेहमीच्या बाकावर बसली, आणि एका मैत्रिणीने विचारले, "सर, पुढच्या वर्षी टोप्या घेऊन जायचं ना?"