आयता की जुळवलेला?

१९९८ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर पायपीट करून मी सुटे भाग आणले आणि जेवणाच्या टेबलावर घरचा पहिला संगणक जुळवला. चार पैसे वाचवायला पॉवर सप्लाय मात्र हलका घेतला. दोन वर्षांनी तो जळाला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. आईने सांगितलेल्या, मी टाइप केलेल्या आठवणी तीत होत्या. दुसरी प्रत नव्हती, आणि तोवर आईही गेली होती.

तरीही परवा पुतणीने विचारले, ‘‘काका, आयता घेऊ की जुळवू?’’ तेव्हा मी ‘‘जुळव’’ म्हणालो.

आयत्या संगणकाची हमी एकच कंपनी देते, ही सोय खरीच. जुळवलेल्यात प्रत्येक भागाची हमी वेगळी; बिघाड कुठला, हे आपणच शोधायचे. पण शोधता शोधताच यंत्र कळते. शिवाय कित्येक आयत्या संगणकांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय खास मापाचे असतात. बाजारातला भाग तिथे बसत नाही. जुळवलेल्यात बहुधा एक भाग बदलला की भागते.

ज्याला झाकण उघडायचेच नाही, त्याने खुशाल आयता घ्यावा. पुतणीला मात्र मी दोन अटी घातल्या : पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको, आणि महत्त्वाचे ते दोन ठिकाणी ठेव.