माया सोडलेला फ्रॉक

परवा एका ऑफिसात मीटिंग आटोपून कॉफी मशीनपाशी उभी होते. ईस्टरचा विषय निघाला. समोरची मुलगी एकदम मनापासून म्हणाली, ‘‘तुमचं बरंय यार, फ्रॉक घालायला निमित्त लागत नाही. पण काय गं, तू मराठी किती मस्त बोलतेस!’’

हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय. मंडळी, मी वसईची. आमच्या घरात मराठी, चर्चमधली मिस्सा मराठीत आणि भांडणं तर शंभर टक्के मराठीतच. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच. आणि फ्रॉकचं म्हणाल, तर माझी आजी जन्मभर कुपारी बायकांच्या लाल लुगड्यात चर्चला गेली. हे सगळं त्या मुलीला ऐकवलं आणि विरार फास्ट पकडली.

खिडकी मिळाली. (चमत्कार होतात, हे ईस्टरच्या आधीच पटलं!) मग डोक्यात तेच सुरू झालं. फ्रॉकला निमित्त लागत नाही म्हणे! आमच्या घरी लागायचं, आणि ते वर्षातून एकदाच यायचं.

नाताळला रेडीमेड चालायचं. ईस्टरचा फ्रॉक मात्र आईच शिवणार. उपवासकाळाचे चाळीस दिवस घरात सगळं कसं बेतानं. मटण नाही, लग्नकार्य नाही, नवीन कपडे नाहीत. झावळ्यांचा रविवार जवळ आला की आई दादरला हिंदमाताला जाऊन पांढऱ्या कापडाचा कटपीस घेऊन यायची. मग रात्री जेवणं उरकली की मशीनची खडखड सुरू. फुग्याच्या बाह्या, कमरेला सॅटिनची रिबन, गळ्याला लेस. मी स्टुलावर उभी आणि आई तोंडात टाचण्या धरून खाली बसलेली. ‘‘हलू नको’’ हे टाचण्यांमधून कसं बोलायचं, ते तिला बरोबर जमायचं.

आणि खाली घेराला ती चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. शिवणकामात या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात. मूल वाढलं की उसवायचं आणि लांबी वाढवायची. एक फ्रॉक दोन वर्षं तरी जायला हवा, हा त्यामागचा साधा हिशेब. दुसऱ्या वर्षी माया सोडली की जुन्या दुमडीची रेघ दिसायची. आई त्यावर लेस लावायची. झाला नवा फ्रॉक!

पांढराच का, हे मला फार पुढे कळलं. पहिल्या शतकांमधल्या चर्चमध्ये लोकांचा बाप्तिस्मा मुख्यतः ईस्टरच्या रात्री व्हायचा. पाण्यातून बाहेर आलं की अंगावर पांढरं वस्त्र, आणि ते पुढचा आठवडाभर घालायचं. नवा जन्म, नवे कपडे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की पांढऱ्यावर काही सांडलं तर आपली खैर नाही.

आणि सांडायचंच! कारण तो फ्रॉक शनिवारी रात्रीच्या मिस्साला घालायचा. ही मिस्सा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला चर्चमध्ये पूर्ण अंधार असतो. बाहेर अंगणात होळीसारखा विस्तव पेटवतात, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाची मेणबत्ती पेटत जाते. मग लांबलचक वाचनं. तुम्ही आठ वर्षांचे, हातात जळती मेणबत्ती, रात्रीची पेंग... मेणाचे थेंब फ्रॉकवर पडणार नाहीत तर काय होईल? (दुसऱ्या दिवशी आई डागावर खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मेण कागदात उतरायचं. टिप लिहून ठेवा, कामाला येईल.)

मग उपवासकाळात गप्प असलेलं ‘ग्लोरिया’ सुरू व्हायचं. घंटा वाजायच्या, सगळे लाईट धडाधड लागायचे. मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि आम्ही पोरी? आम्ही माना वळवून कोणाचा फ्रॉक कसा आहे ते बघत असायचो!

२००८ साली तर कहर झाला. ईस्टर होता २३ मार्चला आणि आदल्याच दिवशी धुळवड. दोन्ही सण पौर्णिमेवर ठरतात, त्यामुळे कधीकधी असे खेटून येतात. शेजारच्या मैत्रिणींनी मला सकाळी पकडलं. संध्याकाळपर्यंत आईनं बेसन, दूध, साबण सगळं वापरून पाहिलं. रात्री चर्चमध्ये लाईट लागले तेव्हा पांढऱ्याशुभ्र फ्रॉकच्या वर माझे दोन्ही कान राणी कलरचे होते.

पण मला खरं सांगायचंय ते २०१०चं. मी तेरा वर्षांची. बांद्र्याच्या मावसबहिणी येणार होत्या आणि त्या जीन्समध्ये येणार हे मला माहीत होतं. आईनं फ्रॉक शिवून पलंगावर ठेवला होता. बारीक निळ्या फुलांची एम्ब्रॉयडरी, तीही हातानं. मी म्हटलं, ‘‘मी हे बाळबोध काहीतरी घालणार नाही. लोक हसतील.’’

आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त ‘‘बरं’’ म्हणाली. मी जीन्स घातली. मावसबहिणींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर त्या मशीनवर पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले. फ्रॉक पुन्हा कधी झाला नाही. मी सॉरी म्हणाले का? नाही. तेराव्या वर्षी सुचलं नाही आणि नंतर विषय निघाला नाही.

गेल्या रविवारी घरी गेले होते. दादाच्या मुलीला यंदा ईस्टरला फ्रॉक हवाय, म्हणून आईनं ट्रंक उघडली. सगळ्यात खाली तो होता. पांढऱ्याचा थोडा पिवळा झालेला, निळी फुलं जशीच्या तशी. घेराची चार बोटं माया तशीच आत दुमडलेली. ती सोडायची वेळच आली नव्हती.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा ओवता येत नाही. मी ओवून दिला. भाची आठ वर्षांची, फ्रॉक तेरा वर्षांच्या मुलीचा. घोट्यापर्यंत यायला लागला.

‘‘आई, तेव्हा मी घालायला हवा होता गं,’’ मी म्हटलं.

आईनं टाचण्या तोंडात धरल्या होत्या. भाचीला म्हणाली, ‘‘हलू नको.’’

मी जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली. आईनं तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

‘‘कापू नको. आत दुमड. राहू दे माया, पोरगी वाढेल अजून.’’