तीन परीक्षा व तीन कोठारें

पोलीस शिपायांची भरती निघाली, कीं आमच्या भिवंडींत यंत्रमागांची रात्रपाळी सुटण्यापूर्वींच रस्त्यावर तरुणांचीं पावलें वाजूं लागतात. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतील मुलगे, आणि मुलीहि, या वाटेस वळूं लागल्या आहेत. ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. परंतु घरांतील वडील मंडळी लेखी परीक्षेची जितकी चौकशी करितात, तितकी देहाच्या परीक्षेची करीत नाहींत. ‘रोज पळतो आहे ना, मग झालें !’ एवढ्यावर समाधान मानलें जातें.

सांप्रतच्या नियमांप्रमाणें या शारीरिक परीक्षेस एकंदर ५० गुण आहेत. पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटरची धांव, तीस २० गुण; १०० मीटरच्या धांवेस १५; आणि गोळाफेकीस १५. गोळा पुरुषांचा सुमारें सव्वासात किलोग्रॅमचा, स्त्रियांचा ४ किलोग्रॅमचा. वरवर पाहतां तिन्ही कामें स्नायूंचींच. पण तीं ज्या शक्तीवर होतात, तिचीं कोठारें निरनिराळीं आहेत, आणि एक भरलें म्हणून दुसरें भरत नाहीं.

स्नायूचें रोख नाणें एकच. त्यास अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपानें एटीपी, म्हणतात. हें नाणें खिशांत असतें अवघें दोन-तीन सेकंदांपुरतें, म्हणून तें क्षणोक्षणीं नव्यानें पाडावें लागतें. त्याची सर्वांत जलद टांकसाळ म्हणजे स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट. हें द्रव्य १९२७ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के व आपले आंध्रदेशीय येल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं उजेडांत आणलें. (आमच्या मुलांस परदेशी शास्त्रज्ञांचीं नांवें मुखोद्गत असतात; सुब्बारावांचें नांव मात्र क्वचितच कानीं पडतें.) गोळा फेंकण्याचा झटका या कोठारावर होतो. पूर्ण जोर लावला तर तें आठ-दहा सेकंदांत पुष्कळसें रितें होतें. म्हणूनच १०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यांत उत्तम धांवपटूचाहि वेग किंचित् मंदावतो. तें भरून येण्यास तीन ते पांच मिनिटें लागतात. यास्तव दोन फेंकींच्या मध्यें स्वस्थ उभ्या राहिलेल्या मुलास आळशी म्हणूं नये.

दुसरें कोठार स्नायूंत सांठविलेल्या शर्करेचें. प्राणवायूची वाट न पाहतां ती फोडली जाते. पण हा व्यवहार उधळपट्टीचा. ग्लुकोजच्या एका रेणूपासून येथें निव्वळ दोनच नाणीं हातीं येतात, तर प्राणवायूच्या साह्यानें तोच रेणु सुमारें तीस देतो. शिवाय आम्लता वाढून पाय पेटल्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशींच्या अंगदुखीचा दोष मात्र लॅक्टिक आम्लावर ठेवण्याची रूढि चुकीची आहे. तें तासाभरांत निवळतें. दुखणें येतें तें स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजांमुळें.

तिसरें कोठार प्राणवायूचें. पांच-सहा मिनिटांच्या १६०० मीटरमध्यें बहुतेक खर्च हेंच उचलतें. त्यामुळें ती परीक्षा पायांची दिसली तरी हृदयाची व फुप्फुसांची आहे. तिन्ही कोठारें एकदमच उघडतात. पण तिसऱ्यास पूर्ण प्रमाणांत येण्यास मिनिट-दोन मिनिटें लागतात. जो पहिले दोनशें मीटर जिवाच्या आकांतानें काढतो, तो त्या अवधींत दुसऱ्या कोठाराची उधळण करून बसतो आणि पुढें रखडतो.

आतां खरी अडचण. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं अधिक रक्त जाणें, स्नायूंत केशवाहिन्यांचें जाळें दाट होणें, हीं कामें आठवड्यांचीं व महिन्यांचीं आहेत. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत तीं होत नाहींत. २०१४ च्या जूनमध्यें मुंबईच्या भरतींत ५ किलोमीटरच्या धांवेंत कांहीं उमेदवार दगावले, आणि पुढें तें अंतर ३ किलोमीटरवर आणण्यांत आलें. अंतर कमी केलें तें योग्यच. परंतु उकाड्याचें काय? आपल्या ठाणें जिल्ह्याच्या दमट हवेंत घाम निथळतो, वाळत नाहीं. आणि न वाळणारा घाम अंग थंड करीत नाहीं. अशा दिवसांत उन्हें चढल्यावर सराव करविणें हें शौर्य नव्हे, अविचार आहे.

सराव किती करावा, याचें एक माप सुश्रुतानें घालून दिलें आहे. व्यायाम बलाच्या अर्ध्यापर्यंत करावा, आणि हृदयस्थ वायु मुखास येऊं लागला, म्हणजे तें अर्ध झालें असें समजावें, असा त्याचा आशय. आजचे शिक्षकहि जवळजवळ हेंच सांगतात : धांवतांना सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां आलें पाहिजे. आठवड्यांतील बहुतेक दिवस या बेतानें धांवावें. जोराच्या तुकड्यांस दोन दिवस पुरेत, आणि त्यांच्या मध्यें विश्रांतीचा अथवा हलक्या धांवेचा दिवस असावा. गोळ्याचा सराव अंग ताजें असतां, धांवेच्या आधीं करावा.

ज्या घरांत कोणी ऐन तारुण्यांत हृदयविकारानें अकस्मात् गेलें असेल, किंवा ज्या मुलास धांवतांना छातींत कळ अथवा भोंवळ आली असेल, तेथें मात्र सराव थांबवून आधीं डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करवून घ्यावी. ताप येऊन गेल्यावरहि आठ-दहा दिवस जोराची धांव वर्ज्य करावी. भरतीची तारीख तोंडावर आली असली तरी.